घोडे दुरुस्त करून मिळतील

सासऱ्यांची दाढ ठणकली नसती, तर घोडा दुकानात शिरला नसता. आणि जावयाने पाटी रंगवली नसती, तर दाढ कितीही ठणकली तरी घोडा आपल्या रस्त्याने गेला असता. पण दाढ, पाटी आणि घोडा यांचं एकदा गूळपीठ जमलं, की माणसाच्या हातात काही उरत नाही.

दुकान बंदुका दुरुस्त करण्याचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक उंबरा. सासरे त्या कामात एवढे मुरलेले, की पलीकडच्या खोलीतून नुसतं 'टक्' ऐकून सांगायचे, "आतली कमान सैल झालीय, आणि मालकाचं बायकोशी बोलणं बंद आहे." दोन्ही खरं निघायचं. जावई मुळात शिलाई मशीन दुरुस्त करणारा. पण लग्नानंतर सासऱ्यांच्या हातातली कानस पाहिली, आणि गडी भाळला. सुयांचा डबा कायमचा बंद केला आणि एप्रन बांधून उभा राहिला.

सासऱ्यांनी त्याला पहिल्याच दिवशी उंबऱ्याचा कायदा सांगितला. "घरात तुम्ही आमचे जावईबापू. तिथे तुम्हाला मान. पण हा उंबरा ओलांडून दुकानात आलास, की तू गाढव. मी गाढव म्हणतोय तोवर शिकवतोय असं समज. ज्या दिवशी दुकानात जावईबापू म्हणेन, त्या दिवशी एप्रन खुंटीला अडकवायचा आणि पुन्हा शिलाई मशीन गाठायचं."

तेव्हापासून जावई लोखंडाचा एकच ठोकळा घासत होता. ठोकळा विटेएवढा होता, तो साबणाच्या वडीएवढा झाला. सासरे येता-जाता त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून खडबडीत आहे, गाढवा." पण आता सोन्याचा दिवस जवळ आला होता. एक जुनी दुनळी बंदूक दुरुस्तीला आली होती. चाप ओढला की जो टपकन पडून बार उडवतो, तो तिचा घोडा अडत होता. ती बंदूक उद्या जावयाने उघडायची, असं ठरलं होतं. एकाच अटीवर.

"मी दाढ काढून येतो," गाल धरून सासरे म्हणाले. "तोवर गोंधळ नको. कुठल्या बंदुकीला हात लावायचा नाही. पाटी पुसट झालीय, तेवढी रंगवून ठेव. आटोपशीर."

जुन्या पाटीवर होतं, 'येथे सर्व प्रकारच्या बंदुकांचे घोडे, चाप व दस्ते दुरुस्त करून मिळतील'. जावई उत्साहात. अक्षरं अशी टपोरी काढायची, की आंधळ्यालाही दिसावीत. मग एवढे शब्द मावणार कसे? त्याने एकेक शब्द कानशीने घासावा तसा घासला. शेवटी उरलं ते असं: 'घोडे दुरुस्त करून मिळतील'. खाली फोन नंबर.

बायको हात पुसत बाहेर आली. ती बंदूकवाल्याची मुलगी, शब्दही नेम धरून सोडायची.

"वाचायला सोपी झालीय," ती म्हणाली. "समजायला अवघड."

"अगं, दुकान बंदुकीचं. घोडा बंदुकीचाच असणार. शब्द कशाला वाया घालवायचा?"

"बाबांनी आटोपशीर सांगितलं होतं, अहो. तुम्ही दाढेबरोबर जबडाच काढलात."

ती आत गेली. रंग वाळतोय न वाळतोय तोच फोन वाजला.

"तुमची पाटी पाहिली आत्ताच जाताना," पलीकडे एक बाई होत्या. "बरं झालं बाई. आमचा घोडा अडतोय हो."

जावयाच्या अंगात वारं शिरलं. याच दुखण्याचा तर त्याने अभ्यास केला होता.

"पुढे जाताना अडतो की मागे घेताना?"

"पुढे जाताना. मागे बिचारा छान येतो."

"जुना आहे?"

"वय झालंय. पण देखणा आहे."

"तेल कधी दिलं होतं?"

"तेल द्यायचं असतं?"

"थेंबभरच. जास्त झालं की घसरतो. आपोआप उडतो का कधी?"

"परवाच उडाला ना. शिकायला आलेली एक मुलगी होती. तिला लागलं थोडं."

"कुठे लागलं?"

"आता कसं सांगू? जिथे बसतो तिथे. आठवडाभर उभ्याने जेवतेय."

"आणि हे तुम्ही हसत सांगताय?"

"आमच्याकडे रोजचंच आहे हो ते."

असल्या भयंकर बाईंच्या हातातलं हत्यार आधी काढून घेतलं पाहिजे, असं जावयाने ठरवलं. हात लावायचा नव्हता, पण ठेवून घ्यायला काय हरकत?

"बाई, ताबडतोब इकडे घेऊन या. पण आत काही भरलेलं नको. रिकामं करून आणा."

"म्हणजे उपाशी?"

"तसंच समजा. आणि कापडात गुंडाळून, मागच्या दाराने. भर रस्त्यात लोकांच्या डोळ्यांवर यायला नको."

"गुंडाळून?" बाई विचारात पडल्या. "बरं. तुम्ही जाणकार आहात, तुम्ही सांगाल तसं."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. अगदी शांत आवाज. नवऱ्याला त्या शांततेचीच भीती वाटायची.

"अहो. तुमचा घोडा आलाय. चहा घेतो का विचारू?"

मागच्या दारात एक घोडा उभा होता. अंगावर फुलाफुलांची दुहेरी चादर, डोक्याला टॉवेल, मध्ये नाक तेवढं उघडं. शेजारी घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई, लगाम धरून.

"कुणाला संशय आला नाही," बाई कुजबुजल्या. "एकाने विचारलं. मी म्हटलं, सोफा आहे."

"बाई, हा तर घोडा आहे," जावई म्हणाला.

"मग पाटीवर काय लिहिलंय?"

जावई उत्तर जुळवू लागला. पण घोडा त्यासाठी थांबला नाही. दुकानातल्या तेलाचा वास त्याच्या उपाशी नाकात गेला, त्याने ओट्याला वळसा घातला, उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे अडला. पुढचे पाय दुकानात, मागचे घरात. आता उंबऱ्याच्या कायद्याने पुढच्या अर्ध्या घोड्याला अरे-तुरे करायचं आणि मागच्या अर्ध्याला अहो-जाहो, असा पेच पडला.

"मागे घ्या," जावई म्हणाला.

"मागे नेहमी येतो," बाई म्हणाल्या. "आज नाही येत. तुम्ही त्याला उपाशी ठेवायला सांगितलंत ना, रागावलाय."

बायको खिडकीपाशी गेली आणि परत आली. "बाबा कोपऱ्यावर आलेत. गालाला रुमाल आहे. सावकाश चालतायत, तेवढाच तुम्हाला वेळ."

जावयाच्या डोळ्यांपुढे दुनळी आली, आणि तिच्या मागोमाग शिलाई मशिनांची न संपणारी रांग. तो मटकन खाली बसला. बसल्यामुळेच त्याला दिसलं. घोड्याने पुढचा एक पाय जमिनीवर टेकवलाच नव्हता. त्याने तो हळूच उचलून मांडीवर घेतला. नालेतला एक खिळा वाकून टोक बाहेर आलं होतं. पाऊल पुढे टाकलं, की ते दुसऱ्या पायाला ओरबाडत होतं.

"नालबंदाला नाही दाखवलंत?"

"तो गावाला गेलाय. म्हणून तर तुमची पाटी बघून जीव भांड्यात पडला."

कानस हाताशीच होती. बंदुकीला हात लावायचा नव्हता. घोड्याबद्दल सासरे काही बोलले नव्हते. जावयाने घासायला सुरुवात केली. इतके महिने ठोकळ्यावर झिजवलेला हात, तो असा चालला, की घोड्याचे डोळे मिटले आणि खालचा ओठ लोंबला. बाई म्हणतात, तो घोरलासुद्धा. शेवटी जावयाने पाय खाली ठेवला. घोड्याने तो टेकवून पाहिला. पुन्हा टेकवला. मग आपलंच दुकान असल्यासारखा उंबरा ओलांडून, लोखंड पकडायच्या शिकंज्याला वळसा घालून, ऐटीत पुढच्या दाराकडे निघाला.

दार उघडलं. सासरे आत आले आणि घोड्याच्या नाकाला नाक लागलं.

सासऱ्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. सासरे पाऊलभर मागे गेले. मान वर करून त्यांनी पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग आत येऊन त्यांनी घोड्याकडे पाहिलं, जावयाच्या हातातल्या कानशीकडे पाहिलं, खाली वाकले आणि घोड्याचा पाय उचलून नालेवरून अंगठा फिरवला. सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जा..." ते म्हणाले. बोळ्यातून पुढचं काही फुटेना. "जा... जा..."

पुढचं जावयाने मनातच पुरं केलं. जावईबापू. दुकानात. त्याने मुकाट्याने एप्रनची गाठ सोडली, खुंटीपाशी गेला, एप्रन अडकवला.

"बाबा," बायको म्हणाली, "आधी तो कापूस काढा. माणूस संसारातून उठायला निघालाय."

सासऱ्यांनी कापूस काढला.

"जास्त घासलंस, गाढवा," ते म्हणाले. "एका खिळ्याला एवढी कानस? उद्या त्या दुनळीचा घोडा असा घासलास तर चाप अडकायची खाच राहील का जागेवर?"

एप्रन खुंटीवरून पुन्हा अंगावर कधी आला, ते जावयालाही कळलं नाही. बाई घोड्याला घेऊन गेल्या, या वेळी पुढच्या दाराने आणि चादरीशिवाय. सासऱ्यांनी शिडी मागवली आणि जावयाकडून पाटीवर 'बंदुकीचे' हा शब्द घालून घेतला. जागा नव्हती, म्हणून तो मुंगीएवढ्या अक्षरांत बसला. पुढे कैक दिवस लोक शिडी लावून तो वाचत, असं म्हणतात.

दुपारी बायकोने जेवायला हाक मारली. सासरे आधी आत गेले, पाटावर बसले आणि सवयीने म्हणाले, "या जावईबापू, बसा."

जावई दचकला. त्याचे पाय उंबऱ्यावरच थांबले, एक दुकानात, एक घरात.

"मामा," तो चाचरत म्हणाला, "आजचा दिवस दुकानातलंच म्हणा ना."

सासऱ्यांनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. गाल दुखत होता, तरी हसू आलंच.

"बसा, गाढवा," ते म्हणाले.