भंगार ट्रम्पेट

रविवारी सकाळी वर जाऊन साडूंचा ट्रम्पेट बघायचं मी कबूल केलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

साडू आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट नाही, हीच मोठी अडचण आहे. वाईट असते तर मला उघडपणे त्यांचा राग करता आला असता. त्यांना गळका नळ दुरुस्त करता येतो, त्यांचे केस अजून जागच्या जागी आहेत आणि बायकोचा वाढदिवस त्यांच्या आपणहून लक्षात राहतो. (त्यांच्या बायकोचा. माझ्या बायकोचाही.) आमच्या घरात दिवसातून निदान एका वाक्याची सुरुवात ‘भाऊजींकडे बघा’ अशी होते आणि शेवट माझ्यापाशी येऊन होतो.

तर या साडूंनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक ट्रम्पेट उचलून आणला. तो किती जुना, दर्जा कसा, खरी किंमत काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. बायको लगेच म्हणाली, आमचे हे सांगतील की, विमा कंपनीत रोज मोडक्या वस्तूंची किंमतच तर ठरवतात. (किंमत ठरवणारे वेगळे. त्यांनी ठरवलेली किंमत मी टाइप करतो. पण हे लग्नाआधी नीट सांगायचं राहून गेलं, आणि लग्नानंतर सांगण्यात काही अर्थ उरला नाही.)

नाही म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांत साडूंना माझ्याकडून काही हवं आहे असं प्रथमच घडत होतं. मी दोन दिवस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुने ट्रम्पेट कसे पारखतात ते वाचून काढलं. (साहेबांनी मला इतकं मन लावून काही करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.)

वर गेलो तर ट्रम्पेट टेबलावर टॉवेल अंथरून ठेवलेला. एका बाजूला दोघी बहिणी, दुसऱ्या बाजूला साडू, हाताची घडी घालून, परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे. मी चष्मा पुसला आणि वाचलेलं एकेक आठवत तपासू लागलो.

पितळेला कुठे पोचा नव्हता. डाव्या हाताने धरतात तेवढ्याच जागेवरचा मुलामा घामाने झिजला होता, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं मनापासून वाजवलेला. (नवा माल घासून जुना भासवतात तेव्हा तो सगळीकडे सारखाच झिजतो.) सरकती नळी ओढली तर बाटलीचं बूच उडावं तसा छान आवाज आला. हवा कुठूनही निसटत नव्हती. बोटांनी दाबायच्या तीन व्हॉल्व्हपैकी मधल्यावर कोरलेला नंबर लहान होता, आणि नंबर लहान म्हणजे वय मोठं. मला यातलं दोन दिवसांपूर्वी काही कळत नव्हतं, तरी वस्तू अस्सल आहे हे लख्ख दिसत होतं.

माझ्या पोटात दुखू लागलं. हा माणूस मोडक्या पंख्यांच्या दुकानात शिरतो आणि असलं काही घेऊन बाहेर येतो. मी त्याच दुकानातून इस्त्री आणली होती, ती लावली की इमारतीतले दिवे जायचे.

“किती देखणा आहे ना,” बायको म्हणाली. ती ट्रम्पेटबद्दलच बोलत असावी, पण बघत होती साडूंकडे.

विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी तिन्ही व्हॉल्व्ह बाहेर काढले, उजेडात धरले, परत बसवले आणि जोरात फुंकर मारली. आवाज सोडाच, हवाही पुढे जाईना. गाल फुगले, कानांना दडे बसले. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा ठरलेली असते आणि मी त्यांची अदलाबदल केली आहे, हे फुंकता फुंकताच माझ्या लक्षात आलं. ते सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“भंगार आहे. आतून पार बंद झालाय.”

साडूंचा चेहरा उतरला. तरीच, ते हळूच म्हणाले, आपल्याला कुठली एवढी चांगली वस्तू मिळायला. बायकोच्या ताईंनी मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. त्या दुपारी मला फार छान झोप लागली.

पुढच्याच आठवड्यात छतातून सूर येऊ लागले. झालं होतं असं की मौल्यवान वस्तू बिघडेल म्हणून साडू तोवर तिला हात लावायलाही घाबरत होते. भंगारच आहे म्हटल्यावर त्यांनी ती बिनधास्त खोलली, व्हॉल्व्हवरचे एक-दोन-तीन आकडे त्यांना दिसले, त्यांनी व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसवले. मग शिकवणी लावली. थोड्याच महिन्यांत आमची बायको भाजी निवडता निवडता मान डोलवू लागली.

“इतक्या रद्दी वाद्यातून भाऊजी एवढं गोड वाजवतात,” ती म्हणायची. “आधी ते दुरुस्त केलं, मग शिकले.”

ट्रम्पेट उत्तम आहे म्हणावं तर मी खोटा. भंगार आहे यावर ठाम राहावं तर साडू थोर कलावंत. रोज संध्याकाळी तासभर मी स्वतःच्या हाताने थोर केलेल्या माणसाला खालून ऐकत बसायचो.

शेवटी इमारतीच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्यांनी सर्वांसमोर माझे आभार मानले, माझ्याकडे हात करून, यांनी भंगार म्हटलं नसतं तर माझी हिंमतच झाली नसती म्हणाले. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांचे शिक्षक मात्र उठून आले, ट्रम्पेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की भंगार कोण म्हणालं, असं वाद्य आता शोधूनही मिळत नाही.

बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. जिना चढून दाराशी आल्यावर तिने विचारलं, “खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना?”

तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. नवरा लबाड निघतो की काय, याची. मला दोनच वाटा दिसत होत्या, दुष्ट ठरायचं की मठ्ठ. मी मान खाली घालून म्हणालो की नाही गं, मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं.

तिचा चेहरा लगेच खुलला.

“ते मला वाटलंच,” ती म्हणाली आणि शांतपणे कुलूप काढू लागली.

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या शब्दावर तिने इतक्या पटकन आणि इतका पुरेपूर विश्वास ठेवल्याची ही पहिलीच वेळ.