शालिकभाऊ आणि जिनोव्हातलं हॉटेल

आमचे शेजारी शालिकभाऊ रोज संध्याकाळी चहानंतर भूमध्य समुद्राच्या काठी जातात आणि जेवायच्या वेळेला लाखनीला परत येतात. हा प्रवास आमच्या बैठकीत, माझ्या लॅपटॉपवर होतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे समुद्र कुठलाही असो, त्याची चौकशी माझ्याकडेच करायची असं त्यांनी ठरवून टाकलं आहे.

बेत मोठा आहे. फ्रान्सच्या नीसपासून इटलीतल्या नेपल्सपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, जुनी बंदरं आणि बुरूज बघत. तेही साध्यासुध्या टूरबरोबर नाही. खासगी बोट, समुद्राकडे तोंड असलेली खोली, दिमतीला माणूस. हायवेवर त्यांची राईस मिल आहे, तेव्हा परवडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न स्वभावाचा आहे. भंडाऱ्याला जायचं तर हे गृहस्थ एसटीनं जातात, डबा घरून नेतात आणि बाहेरचा चहासुद्धा घेत नाहीत.

नागपूरच्या ट्रॅव्हल एजंटकडची मुलगी फोनवर फार गोड बोलते. एकदा ती म्हणाली, "सर, तुमच्या खोलीसाठी खास बटलर असेल."

"तो काय करन?"

"बॅग उघडून तुमचे कपडे कपाटात लावून देईल."

"माह्या बनियाना परक्या मानसानं काहून पाहाव्या? जमत नाही जी!"

'जमत नाही जी' हे त्यांचं पालुपद. संगमरवरी बाथटब पाहिला तेव्हा म्हणाले, "एका मानसाच्या आंघोळीले एवढं पानी? एवढ्यात माह्या बांधीतलं पूरं पऱ्हं भिजते." धानाची रोपं आणि इटालियन बाथटब यांची अशी सांगड माझ्या वर्गात कोणी घातली असती तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं.

तरीही एकेक मुक्काम ठरत गेला. नीस पक्कं, नेपल्स पक्कं, बोट पक्की. घोडं अडलं ते फक्त इटलीतल्या जिनोव्हा बंदराला. तिथलं एकही हॉटेल त्यांना पसंत पडेना. एकाचा जिना फार उभा, एकाच्या चादरी फार पांढऱ्या, एकाचा मॅनेजर फोटोत हसत नव्हता, तर दुसऱ्याचा जरा जास्तच हसत होता. माझं डोकं उठायचं.

जिनोव्हाला त्यांची एकुलती एक लेक राहते, रश्मी. शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून तिथलीच झाली. शालिकभाऊंनी हरकत घेतली नाही, पण लग्नाला गेलेही नाहीत. तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. पुढे वहिनी गेल्या, रश्मी येऊन गेली. निघताना म्हणाली, "बाबा, आता तिकडंच चाला माह्याकडं." यांनी ताडकन सांगितलं, "लेकीच्या घरी आमच्यात राहात नाहीत." लेकही बापाचीच. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आता दोघं फोनवर बोलतात ते हवापाण्याबद्दल.

म्हणजे हा सगळा खटाटोप लेकीला भेटण्यासाठी आहे, हे मला कळत होतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "वाटेतच पडते जिनोव्हा, म्हनून." आणि एवढा थाट कशाला, तर पोरीचा बाप कोणाच्या आसऱ्याला आलेला नाही, हे व्याह्यांना दिसावं. पण हॉटेल ठरेना, म्हणून तारीख ठरेना, आणि मागच्या उन्हाळ्यातला बेत या उन्हाळ्यावर आला. गुडघेही आता कुरकुरायला लागले होते. असंच चाललं तर हा माणूस लेकीचं घर न बघताच राहील, अशी मला खरोखर धास्ती वाटू लागली.

शेवटी एका रविवारी मी इरेला पेटून हॉटेल शोधून काढलं. जिन्याची भानगड नाही, समोर समुद्र, चादरी बदामी, मॅनेजरचा फोटोच नाही. नाव ठेवायला जागा नव्हती. शालिकभाऊंनी सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"करू बुक?" मी विचारलं.

"थांबा जी."

"आता काय राहिलं?"

त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, चांगलं हॉटेल भेटलं, तं मंग पोरीच्या घरी उतराले कारन काय सांगू?"

इतके दिवस मी या माणसाला चोखंदळ समजत होतो. मी ते हॉटेल बंद केलं आणि तिथल्या तिथं रश्मीला फोन लावला. तिच्याकडे दुपार होती.

"रश्मी, तुझे बाबा येताहेत, पण एक अडचण झाली आहे," मी म्हणालो. "तुमच्या जिनोव्हात एकही धड हॉटेल मिळत नाही."

फोन स्पीकरवर होता.

"कुठून भेटन काका?" ती लगेच म्हणाली. "इथली सारी हॉटेलं भरून आहेत. बारा महिने भरूनच राह्यतात. बाबाले सांगा, दुसरा उपावच नाही."

"नाइलाज आहे मंग," शालिकभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. मग फोन माझ्या हातातून घेतला, कानाशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, माह्यासाठी पलंग-बिलंग नोको करजो. खाली चटई टाकून देजो, मले चालते."