केकवर न मावलेलं नाव

केकवाल्या काकांचं दुकान केकसाठी प्रसिद्ध होतं आणि काका स्वतः मतांसाठी. केक विकत मिळे, मत फुकट; पण मत ऐकल्याशिवाय केक हातात पडत नसे. बत्तीस वर्षं ते क्रीमच्या कोनाने केकवर पोराबाळांची नावं लिहीत आले होते. त्यामुळे नावांच्या बाबतीत आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. नाव असावं दोन अक्षरी, फार तर तीन. जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं, खिडकीतून एकदा हाक मारली की पोर जिन्यात दिसलं पाहिजे असं.

गिऱ्हाइकाने एखादं नवं, लांबलचक नाव सांगितलं की काका कोन खाली ठेवत आणि ठेवणीतला किस्सा काढत. "माझी मुलगी झाली ना, तेव्हा आमच्या हिने असंच एक भलंमोठं नाव काढलं होतं. मी म्हटलं, बाई गं, हे माझ्या केकवर मावायचं नाही. तिथली नर्ससुद्धा हसली." गिऱ्हाईकही हसे. बायको दुकानात खोक्यांना घड्या घालत बसलेली असली तर तीही हसे, आणि पुढचं खोकं उचले.

आता त्या मुलीला मुलगी झाली होती. बायको महिनाभर लेकीकडेच मुक्काम ठोकून होती आणि काका घरी एकटे पोळीभाजी करपवत होते. त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. पण नातीचं नाव ठरलेलं असून ते आजोबांनाच सांगत नाहीत, हे त्यांना फार लागलं होतं.

"कार्यक्रमाच्या दिवशी कळेल, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "तुम्हाला आवडेल."

"जुनं आहे का?"

"तसं जुनंच आहे."

काकांनी मनात दोन अक्षरी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी गुलाबी क्रीमचा एक सुंदर केक केला, त्यावर ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि केक खोक्यात ठेवून दिला. चार लोकांत समोर केक ठेवला की कुणाची नाही म्हणायची हिंमत होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

तेवढ्यात फोन वाजला. एका बाईंना संध्याकाळसाठी केक हवा होता, मुलीचं नाव ठेवायचं होतं. बाईंनी नाव सांगितलं. पाच अक्षरं, त्यात दोन जोडाक्षरं.

काकांनी कोन खाली ठेवला.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण हे नाव आहे की पत्ता?"

मग बाई म्हणाल्या, "आम्हाला आवडलंय, काका."

"तुम्हाला आवडेल हो, पण निभवायचं त्या पोरीला आहे. शाळेत हजेरी घेताना बाई दमतील. मुलं चिडवतील ते वेगळंच. हे काढलं कुणी डोक्यातून?"

"म्हणजे... घरातल्याच एका मोठ्या माणसाने सुचवलेलं आहे."

"मोठं माणूस? मग वयाने वाढलंय नुसतं. मुलीला आजोबा आहेत का?"

"आहेत," बाई अडखळत म्हणाल्या. "आहेत ना."

"मग काय करताहेत ते? मी असतो तर चालू दिलं नसतं. आमच्या हिनेही असंच एक खूळ काढलं होतं. मी सांगून टाकलं, हे माझ्या केकवर मावायचं नाही. नर्ससुद्धा हसली."

या वेळी कुणी हसलं नाही. पलीकडून भांडं खाली ठेवल्यासारखा आवाज आला, मग लहान बाळाचं रडणं. "पाच वाजता न्यायला येतील," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

"लिहा की सांगितलंय ते," दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "आपल्या बापाचं काय जातंय?"

पण काका इरेला पेटले होते. त्या अजाण पोरीसाठी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. त्यांनी केकवर ठसठशीत अक्षरांत नुसतं 'बाळ' लिहिलं आणि उरलेली जागा कुणी पुढे काही लिहू नये म्हणून क्रीमच्या फुलांनी भरून टाकली. दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला त्यांनी ते नाव तालासुरात म्हणून दाखवलं. पाच वाजता एक अनोळखी तरुण आला, खोक्यात डोकावला, काहीतरी बोलणार होता, पण काकांचा चेहरा पाहून केक घेऊन निघून गेला.

सहा वाजता काका आपला केक सांभाळत लेकीच्या दारात उभे राहिले. जावयाने दार उघडलं आणि "या" म्हणताना नजर चुकवून काकांच्या बुटांकडे पाहिलं. खोलीत पंधरावीस माणसं होती. टेबलावर केक होता. त्यावर ठसठशीत 'बाळ' होतं आणि भोवती काकांची फुलं होती.

"हा इथे कसा?" काकांनी विचारलं.

कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या, "सकाळी मीच केला होता फोन." तो आवाज काकांनी लगेच ओळखला. या जावयाच्या ऑफिसातल्या बाई होत्या.

"फोन स्पीकरवर होता, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "आम्ही सगळे भोवती बसलो होतो. नाव ऐकून तुम्ही काय म्हणता ते आईला ऐकायचं होतं. तुम्ही ओळखाल असं वाटलं होतं आम्हाला."

"काय ओळखायचं?"

"माझ्या वेळी आईने सुचवलेलं नाव."

काकांच्या हातातलं खोकं जड झालं. तीस वर्षं त्यांनी तो किस्सा सांगितला होता, नर्सचं हसू सांगितलं होतं, स्वतःचं वाक्य सांगितलं होतं. त्यातलं नाव ते केव्हाच विसरले होते. आणि ती खोक्यांना घड्या घालत दर वेळी हसली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होत्या," मुलगी म्हणाली. "मला सगळे केकवाल्यांची म्हणायचे. हिला तरी हिचं नाव असू दे."

बायको बाळाला घेऊन खिडकीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. "असू दे गं," ती म्हणाली. "बाळही काही वाईट नाही. सोपं आहे."

ती रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी आपलं खोकं न उघडताच टेबलाखाली सरकवलं. मग जावयाकडे सुरी मागितली, साखर आणि लोणी मागितलं, आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या क्रीम घोटून कागदाचा कोन वळला. सगळ्यांसमोर टेबलापाशी येऊन त्यांनी 'बाळ' खरवडून काढलं. मग एकेक करून फुलं काढली.

"पुन्हा एकदा सांग," ते खाली मान घालून बायकोला म्हणाले. "सावकाश सांग."

तिने एकेक अक्षर सांगितलं. पहिलं जोडाक्षर काकांनी खरवडून पुन्हा नीट लिहिलं. काकांनी शेवटचा काना ओढला आणि कोन खाली ठेवला.

बायको बाळाला घेऊन उठली, टेबलापाशी आली आणि केककडे बराच वेळ पाहत राहिली.

"मावलं की हो," ती म्हणाली.

शेवटच्या अक्षरापुढे चांगली दोन बोटं जागा उरली होती. तिथे एखादं फूल काढावं असं काकांच्या मनात आलं, पण फुलांनी नावाची जागा अडवायचं काम त्यांनी आज एकदा केलंच होतं. त्यांनी ती जागा तशीच ठेवली.