मुनीरभाऊंचं दार

मी गाडीचा डावा खांब आणायला गेलो आणि उजवा घेऊन आलो. तोही गॅसकटरनं कापून. म्हणजे परत करायचीही सोय नाही.

गाडी माझी असती तर मी हसून घेतलं असतं. पण ती समोरच्या मुनीरभाऊ बांगडीवाल्यांची. सागाच्या झाडावर आदळून तिचा डावा खांब, म्हणजे दार ज्याच्यावर टांगतात तो, आत दबला होता. दार लागेना. मॉडेल कधीचंच बंद पडलेलं, त्यामुळे भंगारातल्या तसल्याच गाडीचा खांब कापून जोडणं एवढाच मार्ग उरला होता.

तर मुनीरभाऊ ते दार काढून, काखेत मारून गावोगाव हिंडायचे. एस.टी.त दाराला खिडकीजवळची सीट, स्वतः उभे. कंडक्टर म्हणायचा, "चाचा, गाडी घरी ठेवून दार काऊन फिरवून राह्यले?"

"गाडी चालली असती तं तुह्या डब्यात कायले आलो असतो?"

भंगारवाले शपथा घ्यायचे, सेम टू सेम मॉडेल आहे. मुनीरभाऊंचं एकच उत्तर. "मनगट दाबून पायल्याशिवाय मी बांगडी देत नाई, अन् दार टांगल्याशिवाय खांब घेत नाई." टांगून पाहावं तर बिजागरीची भोकं बोटभर खाली. की निघाले दार उचलून.

गाडी धंद्यासाठी पायजे, असं ते जगाला सांगत. धंदा सायकलवर चालूच होता. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, लकवा मारला होता. एस.टी.ची पायरी चढवत नव्हती, भाड्याच्या जीपची त्याहून उंच, आणि परक्यानं उचललेलं त्यांना चालायचं नाही. मूल गावी त्यांची थोरली बहीण, आपा, अंथरुणाला खिळलेली. "एकदा तोंड दाखवून जाय," असे तिचे निरोपावर निरोप. मुनीरभाऊंच्या गाडीची सीट बुटकी. तिच्यावर भाभी सरकत सरकत बसू शकत, पण लकव्यानं तोल राहत नव्हता, त्यामुळे बिनदाराच्या गाडीतून त्यांना रस्त्यावर नेणं शक्य नव्हतं.

चंद्रपूरला तशी गाडी भंगारात आल्याची खबर लागली, तेव्हा मुनीरभाऊ तापानं फणफणलेले. मी ऑफिसच्या कामानं तिकडेच निघालो होतो. त्यांनी दार माझ्या हवाली केलं. "टांगून पाहा, भाऊ. डोयाच्या भरोशावर राहू नका."

आता बसस्टँडवर चार ओळखीची माणसं भेटणार, आणि माझ्या काखेत दार! मी ते माझ्याच घरामागे ठेवलं नि हात हलवत गेलो. भंगारातल्या गाडीसमोर ऐटीत उभा राहिलो, माझ्या डाव्या हाताकडे बोट केलं आणि म्हणालो, "हा काप." गाडीचं डावं-उजवं आत बसून धरतात, हे मला घरी आल्यावर कळलं.

मुनीरभाऊंनी तरी त्या खांबाला दार लावून पाहिलं. उलटं, सुलटं, आडवं. मी चंद्रपूरला फोन लावला. उरलेली गाडी वितळायला गेली होती.

मुनीरभाऊ शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा. पण कंडक्टरला तोंडावर जवाब देणारा तो माणूस फक्त म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ." त्या दिवसानंतर ते दार घेऊन कुठंच गेले नाहीत.

काही दिवसांनी संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. अंगणात बिनदाराची गाडी उभी. डाव्या सीटवर भाभी, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली, मांडीवर डबा. स्टेअरिंगवर मुनीरभाऊ. इंजिन बंद.

"राजुरा गेलं," ते सांगत होते. "आता वर्धा नदीचा पूल येते. हवा लागून राह्यली का?"

"हौ. पुलावर हळू घ्या. आपा रात्री जेवल्याशिवाय सोडणार नाई."

"मुक्काम करू ना मंग."

मी बॉनेटपुढे उभा. मुनीरभाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, नजर रस्त्यावर. भाभींनी मात्र पाहिलं. लकव्यातून वाचलेला हात बाहेर काढून त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली.

"भाऊ, मधातून हटा ना! दिसत नाई का, गाडी चालून राह्यली?"