पोस्टातली बाई जहाजावर

अक्कांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि आत जायचं सोडून सरळ खुर्ची ओढून बसल्या. सुनेनं डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. दर शनिवारी तिच्या मैत्रिणी जमून नव्या वाचलेल्या कादंबरीवर बोलायच्या, आणि सासूबाईंची शाळा तर दुसरीतच सुटलेली.

पण आजची कादंबरी अक्कांनी वाचली होती. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून, दोन महिने. वाचनालयात मुदत वाढवायला सून जायची, वाचायच्या मात्र अक्का. पोस्टात तिकिटं विकणारी त्यातली बाई त्यांच्या जिवाला अशी चिकटली होती की भाजी चिरतानाही ती शेजारी बसलेली असायची. तिच्याबद्दल बोलावं तरी कोणाशी? मुलगा म्हणायचा, "आई, नंतर." ते नंतर काही येत नव्हतं.

"मला एक सांगा गं," अक्का म्हणाल्या, "पोस्टातली बाई एकदम जहाजावर कशी चढली? आणि चढल्यावर नाव का बदललं तिनं?"

सगळ्यांनी एकदम कप उचलले. मग प्राध्यापिकाबाईंनी घसा साफ केला. "जहाज म्हणजे तिची सुटका हो, आजी. फार खोल आहे ते."

"मी तर जहाजापाशी रडलेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला तो कप्तान पहिल्या पानापासून आवडला नाही," सूनही बोलली.

"पहिल्या पानापासून? अगं, तो शंभराव्या पानावर येतो!" अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात उशिरा आलेल्या ग्रंथपालबाई दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "कसलं जहाज? ह्यात तर कोणी पोस्टाची पायरीही उतरत नाही." त्यांनी अक्कांचं पुस्तक चाळलं आणि कपाळावर हात मारला. "बाइंडरनं दोन कादंबऱ्यांचे अर्धे भाग अदलाबदल करून शिवलेत!"

प्राध्यापिकाबाईंना चहा एकाएकी फार गरम लागला. सून न सांगता ट्रे उचलून आत गेली. एरवी अक्कांनी एकेकीची सालटी काढली असती. पण आज त्यांनी ग्रंथपालबाईंचा हात धरला. "म्हणजे माझ्या बाईचं पुढे काय झालं, ते मला कळलंच नाही?"

"दुसरी प्रत देते ना, आजी."

"आणखी दोन महिने? तोवर तिनं खिडकीशी तशीच पत्राची वाट बघायची? ते दुसरं उलटंपालटं पुस्तक कोणाकडे आहे?"

"कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे. रोज येऊन भांडतात, जहाज पोस्टात कसं शिरलं म्हणून."

अक्कांनी पायात चपला सरकवल्या.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. "कुठलं घड्याळ?"

"घड्याळ नाही. जहाज."

भिंग टपकन खाली पडलं. म्हाताऱ्यानं घाईघाईनं स्टूल पुसून पुढे केलं. "कप्तानाचं काय झालं हो? भर वादळात सोडलाय मी त्याला. लागला का किनाऱ्याला?"

कप्तान शेवटून दुसऱ्या पानावर बुडाला होता. अक्कांनी ते पान चार दिवस उलटलं नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागला की," त्या म्हणाल्या. "चांगला धडधाकट. आणि माझी बाई? आलं का तिचं पत्र?"

घड्याळजी खाली वाकून भिंग शोधू लागले. ते तर समोरच पडलं होतं.

"आलं की," ते म्हणाले.

खोटं बोलणारं माणूस अक्कांना आजवर कधी खपलं नव्हतं. त्या स्टुलावर ऐसपैस बसल्या.

"काय लिहिलं होतं त्यात? सावकाश सांगा."