मद्यत्याग मोहिमेची पारख जाहली ती हकीकत

श्रीहरीस नमन. या हो सज्जनहो, सतरंजीवर पुढे सरका, टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. एका राज्याची हकीकत निवेदितों, ती प्रेमे ऐकावी. शके सतराशे एकवीस, सिद्धार्थी नाम संवत्सर, ते समयी महाराजांच्या चित्ती आले की रयत दारू फार पिते, आणि मग आज्ञा जाहली की कीर्तन करवून दारू सोडवावी. कारभारी लखोपंत यांनी मोहीम शिरी घेतली आणि नारोबुवा कीर्तनकार यांस नेमिले. बुवांचा गळा काय वर्णावा, अभंग उचलिला की देवळाच्या खांबासही डोलावेसे वाटे. सहा मास कीर्तन जाहले, आणि समाप्तीस श्रोत्यांचे कपाळी बुक्का लागे तेव्हा पंतांचा कारकून दारी उभा राहून काळी कपाळे मोजी, आणि जितकी कपाळे तितक्यांनी दारू सोडिली ऐसे लिही. अकरा सहस्र भरली. राज्यात तितके पिणारेच नव्हते. परंतु एकादशीस म्हातारी मंडळी दोन दोन देवळे करीत, तेणेकरून यश दुणावले. मग बुवांस शालजोडी देऊन निरोप द्यावा ऐसे ठरले, आणि रीत म्हणून पारख करण्यास त्रिंबकराव यांस पाठविले. रावांनी प्रथमच पुसिले की मोहिमेआधी किती पीत होते. पंत हासून बोलिले, “राव, लग्नाआधी कोणी पोरे मोजतो काय?” आणि निवडक रयत आणवून तिजला आधी पुरणपोळी वाढिली, मग समाधान विचारिले. समाधान उत्तम निघाले.

रावांनी हात धुतले आणि एकलेच कुंभारवाड्यात गेले. तेथे धुरपदा कुंभारीण चिखल तुडवीत होती, तिचे दंडावर नवऱ्याने मारिल्याचा वळ होता. बुवा जाणार हे ऐकोन ती थांबली आणि बोलली, “राव, माज्या धन्यानं अजून येक अभंग ऐकला न्हाई. तुमचं कीर्तन देवळात, त्याचा गुत्ता वढ्यापल्याड. रोज देवळात जाते ती मी. मी काय पिते व्हय?”

हेच बोल रावांनी दरबारी वाचिले. कुंभारणीचा मोहिमेशी संबंध काय, ऐसे पंत तापून बोलिले. तेव्हा बुवांनी शालजोडी खाली ठेविली आणि म्हणाले, “महाराज, बाई खरे बोलते. न पिणाऱ्यांचीच दारू मी सोडवीत होतो.”

मग महाराजांनी कीर्तन गुत्त्यापाशी उभे करविले. या खेपेस रावांनी आधी घरोघर पुसिले, पिणारे बावन्न. सहा मासांनी पुन्हा पुसिले, सुटले नऊ. धुरपदेचा धनी मल्हारी नवांत नव्हता. ती म्हणाली, “बाजाराच्या दिवशी पितो अजून. पर हात उचलत न्हाई. काय लिवायचं ते लिवा.” कागदावर नोंदीची घरे दोनच, दारू सुटली आणि न सुटली, रावांनी तिसरे घर आखिले आणि तिचे बोल जैसेच्या तैसे लिहिले.

येणेप्रमाणे अकरा सहस्रांचे नऊ जाहले, आणि लखोपंतांस दूरदृष्टीबद्दल बढती मिळाली. सज्जनहो, कीर्तनाअंती थोरांची नावे घ्याल, तेव्हा एकवार त्या धुरपदेचेही स्मरण करावे, इतुकीच विनंती.