बेपत्ता ग्यानबामामा

एका बापाची मी सरकारी कागदावर 'बेपत्ता' अशी नोंद केली, त्याच्या तासभर आधी तो माझ्यापासून दहा हातांवर उभा होता आणि माझ्या अंगावर आलेलं कुत्रं धरत होता.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमच्या कार्यालयात खुर्च्या आल्या होत्या, टेबलं यायची होती आणि मी आलो होतो. माझं काम गृहचौकशीचं. हरवलेलं, सापडलेलं मूल बालगृहात आलं, की त्याच्या गावी जायचं, घर पाहायचं, आईबाप कोण, कसे, ते लिहून बालकल्याण समितीपुढं ठेवायचं. मुलाला घरी पाठवायचं की संस्थेत, हे समिती ठरवायची. पण समिती कागद पाहून ठरवायची, आणि कागद माझा असायचा.

पाच-सहा वर्षांची एक मुलगी बाजारच्या दिवशी एसटीत चढली, झोपली आणि हिंगोलीला उतरली. मी तिच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दिवाळीपासून बंदच हाय." झाली माझी चौकशी. मेंढ्यावाली माणसं दिवाळीनंतर घर बंद करून कळपामागं रानात राहतात, शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. माझी चारची बस होती.

गावाबाहेर दोनेकशे मेंढ्या बसल्या होत्या. तिथलं कुत्रं माझ्या पँटवर आलं. घोंगडी खांद्यावर टाकलेल्या एका माणसानं ते धरलं. मी त्याला विचारलं, चारची बस गेली का? तो म्हणाला, यायची हाय. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी मनात म्हटलं, दुपारीच घेतलेली दिसते. मग बसमध्ये मांडीवर पॅड ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'घरास कुलूप. पालक बेपत्ता.'

तो माणूस म्हणजे ग्यानबा. तीन दिवस तीन रात्री तो लेकीला हुडकून राहिला होता.

त्याला सगळं कळून तो आमच्या दारात पोचेपर्यंत समितीनं मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवली होती. पुढचे सात महिने ग्यानबा कार्यालयात यायचा आणि आमचा कारकून रेकॉर्ड काढून त्याला सांगायचा, "रेकॉर्डप्रमाणे तुम्ही बेपत्ता आहात."

"अन् हितं हुबा हाय त्यो कोन?"

"ते तुम्ही सिद्ध करा."

त्यानं सिद्ध केलं. सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, रेशनकार्ड, चार पंच, आणि एकदा तर ते कुत्रंही आणलं होतं. सातव्या महिन्यात मुलगी त्याच्या ताब्यात मिळाली. मी सुटलो, असं मला वाटलं.

पुढच्या मंगळवारी, समितीच्या बैठकीच्या दिवशी, तो पुन्हा फाटकात. मी खिडकीतूनच विचारलं, "आता काय राहिलं?"

"माजं काय न्हाई. मागल्या टायमाला हितं एक बाई रडत हुती. तिचं काय झालं ते पाहाय आलो."

त्या बाईचं काम झाल्यावर दुसरी बाई, मग एक आजोबा, मग नवराबायको. मंगळवारी मेंढ्या बायकोच्या हवाली करून ग्यानबा हिंगोलीला यायला लागला, तो पुढची कित्येक वर्षं. आमच्या आवारातल्या कडुलिंबाखाली घोंगडी टाकून बसायचा. आत जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला आधी तिथं थांबावं लागे. लोक त्याला मामा म्हणू लागले. कुणी विचारलं, तुम्ही कोण, की तो शांतपणे सांगायचा, "मी बेपत्ता ग्यानबा. सायबानं लिवलंय." आणि काठीनं माझी खिडकी दाखवायचा.

मंगळवारी मी मागच्या दारानं ये-जा करायला लागलो.

मामाची शिकवणी पाहण्यासारखी असायची. घोंगडीची घडी करून तो तिच्यावर बसायचा. ती साहेबाची खुर्ची. समोर आईबाप उभे. मग मामा कपाळाला आठ्या घालून विचारायचा, "नाव?" की बाई पदर तोंडाला लावायची. मामा हात वर करायचा. "थांबा. आधी नाव सांगा, मंग रडा. नाव न सांगता रडलं की ते लिवतेत, बाई काय बोलत न्हाई."

आत जाण्याआधी प्रत्येकाला तांब्याभर पाणी पाजायचा. "तोंड कोरडं पडलं की मानूस समद्यालाच व्हय म्हनतो. इचारतेत, लेकराला मारता का? हा म्हनतो, व्हय." खोटं मात्र बोलू द्यायचा नाही. एक जण म्हणाला, सांगतो की घर पक्कं आहे. मामा म्हणाला, "त्यो सायब उद्या पाहाय आला तर? आता येतो त्यो. मी सवय लावली त्याला."

एकदा खिडकीआडून मी पाहिलं, मामा मधूनमधून मनगट डोळ्यांजवळ नेत होता. घड्याळ तर त्याच्याकडं नव्हतं. मी शिपायाला विचारलं, हे काय?

"तुमची नक्कल हाय सायेब."

"मी इतक्या वेळा घड्याळ पाहतो?"

"त्यो कमीच दाखवून राहिला."

मामाला लिहितावाचता येत नव्हतं. फक्त एक शब्द ओळखता यायचा, 'बेपत्ता'. आपल्या फाइलमधला तो शब्द त्यानं शिपायाकडून बोटानं दाखवून घेतला होता आणि एक अख्खा दिवस धुळीत काठीनं गिरवला होता. "डोक्यावर तुरा, पोटात काडी," अशी त्यातल्या 'बे'ची त्याची खूण. कुठल्याही आईबापानं अंगठा उठवण्याआधी मामाचं बोट त्या कागदावर ओळीओळीनं फिरायचं. स्टँडवर भजी घेतली तर आधी भज्याचा कागद तपासायचा. त्यात कुणी हरवल्याची जाहिरात असली, की तेलकट कागद खिशात घालून मंगळवारी आणायचा आणि शिपायाला म्हणायचा, "कोन हाय वाच. घावलं का न्हाई ते बी लिवलंय का पाह्य."

अशी चारपाच वर्षं गेली. मी पुष्कळ सुधारलो, असं माझं मत होतं.

मग मंगलचं प्रकरण आलं. सहा वर्षांची पोरगी. आई वारलेली. बाप बालाजी पोरीला हट्टा गावात आपल्या बहिणीकडं ठेवून कामाला गेला, तो आलाच नाही. पोरगी एक दिवस बापाला शोधायला निघाली आणि वसमतच्या रस्त्यावर पोलिसांना सापडली. मी हट्ट्याला गेलो. या वेळी चारच्या बसचं नाव काढलं नाही. बहिणीला विचारलं. तिची स्वतःची चार लेकरं. ती म्हणाली, "दोन महिने झाले, त्याचा पत्ता न्हाई. मी कुठवर सांभाळू?" शिवाय सरपंचाला विचारलं. एकाच्या जागी दोन माणसांना विचारलं, म्हणून परतताना मी स्वतःवर खूश होतो. अहवाल लिहिला. तो मान्य झाला, की मंगल दूरच्या संस्थेत जाणार होती. आईबाप नसलेलं मूल म्हणून. तिथून पुढं ती कुणाच्या घरी जाईल, हे कुणाच्याच हातात राहणार नव्हतं.

मंगळवारी बहीण माझ्या टेबलापाशी अंगठा द्यायला आली, मामा तिच्यासोबत. मामाचं बोट कागदावरून उतरत सातव्या ओळीत थांबलं.

"सायेब, हा हाय ह्यात."

"या वेळी बरोबर आहे मामा. मी दोघांना विचारलंय."

"त्याला इचारलं?"

"तो बेपत्ता आहे. त्याला कसा विचारू?"

आजारी मेंढीकडं पाहावं तसं मामानं माझ्याकडं पाहिलं. "मला तरी कुटं इचारलं हुतं," तो म्हणाला. मग बहिणीकडं वळला. "बाई, त्याला काम काय येतं?"

"मासे धरतो."

"मंग सिद्धेश्वरच्या धरणावर पाह्यलं का कोनी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. तिचा नवरा शेतातून सुटत नव्हता, आणि मी तर सरपंचाला विचारलं होतं.

"तुमी मानसाचा पत्ता हुडकता," मामा म्हणाला. "मेंढी चुकली की आमी पत्ता हुडकत न्हाई. तिला काय लागतं ते पाहतो अन् तिकडं जातो."

मी समितीच्या खोलीत जाऊन अहवाल मागं घेतला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहून आठ दिवस दिले. तेवढ्यात बाप सापडला नाही, तर आहे तोच अहवाल धरू, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोपेडवर मी आणि मामा निघालो. मामानं काठी आडवी धरली होती, त्यामुळं आम्ही बैलगाडीएवढी जागा अडवत चाललो होतो. औंढ्यापर्यंत तीन ट्रकवाल्यांनी आमच्या आयांचा उद्धार केला. मामा प्रत्येकाला हात करून रामराम घालत होता.

धरणावर कोळ्यांनी लगेच सांगितलं, बालाजी ना, तो काय. पाण्यात थर्माकोलच्या तराफ्यावर एक माणूस जाळं काढत बसला होता. मी हातात फाइल धरून काठावर उभा राहिलो आणि ओरडलो, "बालाजी, इकडं या, सरकारी काम आहे."

त्यानं मान वर केली, माझी पँट पाहिली, फाइल पाहिली आणि वल्हं उलटं मारायला लागला. मी ओरडतोय आणि तो लांब जातोय. शेवटी मी त्याच्या दिशेनं चार पावलं धावलो. पाणी ओसरलेल्या काठाला वरून कोरडी दिसणारी माती असते, तिच्याखाली गाळ असतो. मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक चप्पल गेली. फाइल मात्र मी वर धरली होती.

मला काढायची मामाला घाई दिसली नाही. त्यानं कोरड्या जागी घोंगडी अंथरली, बसला, तंबाखू मळली. बराच वेळ गेला. मग तो बोलायला लागला. आवाज चढवला नाही. पाण्यावरून बोलणं लांब जातं.

"बालाजी, मी मेंढ्यावाला हाय. सरकारचा न्हाई. हे सायब रुतलेत, ते काय करत न्हाईत."

तराफा थांबला.

"माजी लेक सात महिने तसल्या जागी हुती. आनली मी. घराला आनली तर दारात हुबी राह्यली. मला म्हनली, सर, आत येऊ का?"

बालाजीनं वल्हं तराफ्यावर आडवं ठेवलं.

"तिथं समदेच सर असतेत, तिचा काय दोस. आता बरी हाय ती. बाबा म्हनती. पर भाकर पायजे असली, की अजून बी आधी हात वर करती. मी म्हनतो, घे की माय. तरी हात वर." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "तुजीला तू दिसून दोनच महिने झालेत. अजून ती बाबाच म्हनंल. ये."

इतकी वर्षं मामा लिंबाखाली बसत होता; ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. मला तर नाहीच. मी गाळात उभा राहून ऐकली.

बालाजी काठाला आला. पोरगी बालगृहात असल्याचं त्याला कळलं होतं. तो दोनदा फाटकापर्यंत येऊन गेला होता. लेकरू टाकून जाणाऱ्या बापाला आत टाकतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. "रिकाम्या हातानं बहिनीपुढं कसं जावं? पैसे साठले की मगच पोरीला आनावं म्हनलं," तो मान खाली घालून म्हणाला. मग त्यानं आणि मामानं मिळून मला उपसलं.

मंगळवारी बालाजी समितीपुढं उभा राहिला. मामानं त्याला सकाळपासून तयार केलं होतं, पाणी पाजलं होतं. अध्यक्षबाईंनी नाव विचारलं आणि हा बाबा आधी रडला. दाराबाहेर मामानं कपाळावर हात मारून घेतला. पण मग बालाजीनं नाव सांगितलं, पोरीचं सांगितलं, तिच्या आईचं सांगितलं, आणि सगळं बरोबर सांगितलं. धरणाकडं एक मावशी पोरीला दिवसा सांभाळील, शाळा जवळ आहे, हे मी स्वतः पाहून आलो होतो, तेही लिहिलेलं होतं. पोरगी बापाच्या ताब्यात द्यायचं ठरलं. मी महिन्यातून एकदा जाऊन पाहायचं.

मंगल पिशवी छातीशी धरून बाहेर आली. बापाकडं पाहत उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होतो. मामा तर फारच.

"बाबा, इतका उशीर काहून केला?" ती म्हणाली. चांगली चिडली होती.

मामानं पाठ फिरवली आणि घोंगडीची घडी घालायला लागला. घातलेली घडी त्यानं मोडली, पुन्हा घातली.

धरणावरून आल्यापासून मी मनात एक भाषण तयार करत होतो. बापलेक फाटकाबाहेर गेल्यावर मी लिंबाखाली मामासमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच, पुढच्या दारानं. म्हणालो, "मामा, त्या वेळी मी तुमच्याबद्दल जे लिहिलं, ती माझी फार मोठी चूक झाली. तुमच्या पोरीचे सात महिने गेले. मला तेव्हाच तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं, पण माझी हिंमत..."

"व्हय," मामा म्हणाला. "मोठीच चूक झाली."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा राहिलो. मामा माझ्या मागं पाहत होता. तिथं एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

"तुमी सावलीत हुबे हायेत सायेब," तो म्हणाला, "अन् ती बाई उन्हात हाय. सरका तिकडं."